वसतिगृहातील खाट आणि अधिसभेतील खुर्ची

पदवीच्या प्रवेशाचे दिवस आले की पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा विद्यापीठांच्या शहरांतील एस.टी. स्थानकांवर एक परिचित दृश्य दिसू लागते. पाठीवर बॅग, हातात कागदपत्रांची फाईल आणि बरोबर शेतीची कामे एक दिवसापुरती बाजूला ठेवून आलेले वडील. प्रवेशाची खिडकी त्या दोघांना सापडते, फी भरण्याचीही सापडते. प्रश्न उभे राहतात ते त्यानंतर. मुलाने राहावयाचे कोठे, दोन वेळच्या जेवणाची सोय काय, महिन्याचा खर्च भागणार कसा, आणि काही अडचण आलीच तर जावयाचे कोणाकडे? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत एक विभाग असतो. कालपरवापर्यंत त्याच्या दारावर ‘विद्यार्थी कल्याण’ अशी पाटी होती. आता तेथे ‘विद्यार्थी विकास’ अशी पाटी आहे. परंतु बापलेकांची ती जोडी त्या दारापर्यंत क्वचितच पोहोचते. तो विभाग त्यांच्यासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

विद्यापीठाच्या इतिहासात या विभागाला फारसे स्थान नाही. कुलगुरूंच्या तसबिरी सभागृहात लागतात, परीक्षा विभागाचे गोंधळ वर्तमानपत्रांत गाजतात. विद्यार्थी कल्याणाच्या वाट्याला युवक महोत्सवाची छायाचित्रे तेवढी येतात. वास्तविक विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याला काय समजते, हे जाणून घ्यावयाचे असेल तर दीक्षान्त समारंभातील भाषणे ऐकण्यापेक्षा या एका विभागाची प्रशासकीय कुळकथा वाचणे अधिक उद्बोधक ठरेल. ती कथा सव्वाशे वर्षांची आहे आणि तिच्यात विद्यार्थ्याची ओळख वारंवार बदलत गेलेली आहे. तो कधी उमेदवार होता, कधी पाल्य, कधी लाभार्थी, तर कधी स्वयंसेवक. विद्यापीठाचा भागीदार मात्र तो अद्याप पुरतेपणी झालेला नाही.

प्रारंभी तर विद्यापीठाला विद्यार्थी असा नव्हताच. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावयाचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या, अशी ही कामाची वाटणी होती. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ज्यांत होते, ते पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांशी विद्यापीठाचा संबंध परीक्षेच्या अर्जापासून निकालाच्या यादीपर्यंतच होता. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने समोरचा मनुष्य हा केवळ उमेदवार असतो. तो काय खातो, कोठे झोपतो, आजारी पडल्यास त्याला कोण पाहतो, याची चौकशी करण्याचे तिला कारण नसते. या व्यवस्थेत क्रौर्य नव्हते, पण आस्थाही नव्हती; आणि आपल्या विद्यापीठीय प्रशासनाची बैठक याच व्यवस्थेत घडली, हे विसरून चालणार नाही.

देखरेख आणि कल्याण

विद्यार्थ्याच्या राहण्याजेवण्याचा उल्लेख प्रथम ठळकपणे आला तो लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यात. महाविद्यालयाला संलग्नता हवी असेल तर त्याने कोणत्या अटी पूर्ण कराव्यात, याची यादी या कायद्यात आहे. जे विद्यार्थी आईवडिलांजवळ अथवा पालकांजवळ राहत नाहीत त्यांच्या निवासाची सोय महाविद्यालयात किंवा महाविद्यालयाने मान्य केलेल्या ठिकाणी व्हावी, आणि विद्यार्थ्यांची देखरेख व त्यांचे शारीरिक कल्याण यांची तरतूद असावी, अशी त्यांतील एक अट होती. देखरेख आणि कल्याण हे दोन शब्द एकाच कलमात शेजारी शेजारी बसले ते तेव्हापासून. पुढे कायदे बदलले, राज्यकर्ते बदलले. पण या दोन शब्दांची जोडी फुटली नाही. विद्यार्थ्याला जेथे जेवू घालावयाचे तेथेच त्याच्यावर नजर ठेवावयाची, हा विचार त्या एका कलमातून आपल्या प्रशासनाच्या अंगात भिनला.

या जोडीतील कोणता शब्द वजनदार आहे, याचा प्रत्यय लवकरच आला. वंगभंगाच्या चळवळीत १९०५ च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यास विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. त्याच महिन्यात बंगालमध्ये विद्यार्थ्यांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याविषयीचे कार्लाइल परिपत्रक निघाले आणि १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रकाने तेच धोरण पुढे नेले. वसतिगृहातील खाट ही सोय असतेच, पण ती काढून घेता येते म्हणून ती शिक्षेचे साधनही होते. पुढच्या काळात कोणत्याही पक्षाचे सरकार असो आणि कोणत्याही विचाराचा विद्यार्थी असो, हे साधन वापरण्याचा मोह प्रशासनाला सोडवला नाही.

कल्याण घडले ते कुंपणाबाहेर

सरकारी कायद्यात कल्याण हा शब्द उमटत असताना प्रत्यक्ष कल्याण मात्र विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर घडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी तेथे वसतिगृहांची मालिकाच सुरू झाली. खेड्यातील मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही, याचे कारण शाळेची फी एवढेच नसून शहरात डोके टेकण्यास जागा नाही हेही आहे, हे त्या राजाने ओळखले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, त्यामागेही हीच जाणीव होती. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. विद्यार्थी कल्याणाचा महाराष्ट्रातील खरा अर्थसंकल्प हा असा मांडला गेला होता.

भाऊरावांनी त्याला आणखी एक जोड दिली. फुकट अन्नाने माणूस मिंधा होतो, श्रमाने मिळविलेल्या अन्नाने ताठ राहतो, हे त्यांचे सूत्र होते. १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय हे या सूत्राचे उच्च शिक्षणातील रूप होय. कमवावे आणि शिकावे, हा विचार आज महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थी विकास विभागांचा मानबिंदू समजला जातो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेला तर भाऊरावांचेच नाव आहे. परंतु हा विचार विद्यापीठाच्या एखाद्या समितीत जन्मला नाही. समाजाने आपल्या खिशातून चालवून दाखविलेली गोष्ट विद्यापीठाने मागाहून आपल्या नोंदवहीत घेतली, एवढेच.

स्वातंत्र्यानंतरही हीच परंपरा चालू राहिली. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना दिलेली फीमाफी शिक्षण खात्याची होती. अलीकडच्या काळात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आलेली स्वाधार योजना किंवा पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, याही शासनाच्या निरनिराळ्या खात्यांच्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा नसेल तर रोख रक्कम घ्या आणि बाहेर खोली शोधा, असा स्वाधारचा आशय आहे. गरीब विद्यार्थ्याला शहरात टिकवून धरणारे जे जे काही निर्माण झाले, त्यांपैकी बहुतेक सर्व विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागाबाहेर झाले, हा या इतिहासाचा पहिला निष्कर्ष होय.

आयोगांनी सांगितलेले

शिफारशींची मात्र कधीच वाण नव्हती. कलकत्ता विद्यापीठाचा विचार करण्यासाठी १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने विद्यार्थी कल्याण मंडळ आणि शारीरिक शिक्षणाचा संचालक यांची आवश्यकता सांगितली. कलकत्ता विद्यापीठाने १९२० पासून विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गातील मुलांमध्येही अधू दृष्टी आणि निकृष्ट पोषण किती पसरले आहे, हे प्रथमच कागदावर आले. परीक्षेचा उमेदवार हा देहधारी प्राणी आहे, ही गोष्ट विद्यापीठाच्या लक्षात येण्यास अशा रीतीने साठांहून अधिक वर्षे लागली.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी कल्याणाचे सल्लागार मंडळ असावे, असे सुचविले. या आयोगावर आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होते. अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत तोपर्यंत चांगलीच रुळलेली होती. इलिनॉय विद्यापीठात टॉमस आर्कल क्लार्क यांना १९०९ साली ‘डीन ऑफ मेन’ हे पद मिळाले आणि पुढे अनेक विद्यापीठांत अशी पदे निर्माण झाली. परंतु हा डीन म्हणजे आईबापांच्या जागी बसलेला अधिकारी असे. त्याने मायाही करावी आणि कानही पिळावा, अशी अपेक्षा होती. त्या कल्पनेला हादरा बसला तो १९६१ साली. ॲलाबामा राज्यातील एका सरकारी महाविद्यालयाने वर्णभेदाविरुद्ध उपाहारगृहात ठाण मांडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांची बाजू न ऐकताच काढून टाकले होते. तेथील संघराज्य अपील न्यायालयाने सांगितले की, आरोप काय आहे हे कळविल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय अशा विद्यार्थ्याला काढता येणार नाही. विद्यार्थी हा पाल्य नसून नागरिक आहे, हे तत्त्व त्यातून रुजू लागले. आपण पद घेतले, मंडळ घेतले. त्या पदामागील विचारात झालेला हा बदल मात्र आपल्याकडे तितक्या तत्परतेने आला नाही.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात या विषयाचा अधिक खोलवर विचार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील. गारगोटीच्या परिसरात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग त्यांनी स्वतः केलेले असल्याने खेड्यातील विद्यार्थ्याची अडचण त्यांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नव्हती. विद्यार्थ्यांसाठीच्या सेवा हे दानधर्माचे काम नसून शिक्षणाचे अविभाज्य अंग आहे, अशी आयोगाची भूमिका होती. प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी कल्याणासाठी पूर्णवेळ अधिष्ठाता असावा; दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा; पदवीच्या पातळीवर चौथा हिस्सा आणि पदव्युत्तर पातळीवर निम्म्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे असावीत; ज्यांना घरी अभ्यासाला जागा नाही त्यांच्यासाठी दिवसभर उघडी राहणारी अभ्यासकेंद्रे असावीत; कमवा आणि शिका योजनांचा विस्तार व्हावा. या शिफारशींत संदिग्ध असे काहीच नाही. त्या मोजता येतात आणि म्हणूनच त्यांची अंमलबजावणी किती झाली हेही कोणाला मोजता आले असते. कदाचित त्यामुळेच त्या मोजल्या गेल्या नसाव्यात.

मोजदाद टाळण्याची किंमत आज दिसते आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. यांत शाळकरी मुलेही आहेत आणि प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी असणार, हे मान्य केले तरी आकडा झोप उडविणारा आहे. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. आयोगाने हजारामागे एक समुपदेशक मागितला तो १९६६ मध्ये. न्यायालयाला त्याच विषयात हुकूम करावा लागला तो जवळजवळ साठ वर्षांनी. या दोन तारखांमधील अंतर हा विद्यार्थी कल्याणाच्या प्रशासनावरील सर्वांत कठोर अभिप्राय आहे.

स्वयंसेवक, मग नागरिक?

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यार्थ्याला राष्ट्राच्या कामाला लावण्याची कल्पनाही याच विभागाच्या आश्रयाने वाढली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती सक्ती उठली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री आणि नामवंत अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. प्रारंभी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. श्रमदानाच्या शिबिरांनी हजारो शहरी मुलांना खेडे दाखविले, याचे श्रेय या योजनेला दिलेच पाहिजे. तथापि, विद्यार्थ्याने समाजासाठी काय करावे हे ठरविणारे आणि विद्यापीठाने विद्यार्थ्यासाठी काय करावे हे ठरविणारे लोक एकच होते. दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याचे काम ऐकण्याचे होते.

ऐकून न घेण्याचे परिणाम काय होतात, हे शेजारच्या गुजरातेत १९७३ च्या डिसेंबरात दिसले. अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहाच्या खानावळीचे दर वाढले. खाद्यतेल आणि धान्य महागलेले होते, त्यामुळे वाढीमागे अर्थशास्त्र होतेच. पण ती वाढ ज्यांच्या ताटावर पडली त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या ठिणगीतून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि १९७४ च्या फेब्रुवारीत चिमणभाई पटेल यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. खानावळीचे बिल हा विद्यार्थी विभागाच्या टेबलावरील किरकोळ कागद समजला जातो. तो किरकोळ नसतो, हे एका राज्य सरकारला मोठी किंमत देऊन कळले.

त्याआधीच, १९७१ मध्ये, न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या समितीने विद्यापीठांच्या कारभाराविषयीच्या आपल्या अहवालात विद्यार्थ्यांच्या सहभागाचा पुरस्कार केला होता. सातारचे सुपुत्र असलेले गजेंद्रगडकर हे देशाचे माजी सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यार्थ्यांच्या लांगूलचालनाचा आरोप त्यांच्यावर कोणीही केला नसता. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रश्नांवर विद्यार्थ्यांचे म्हणणे अधिकृत व्यासपीठावर ऐकले जावे, ही त्यांची भूमिका प्रशासकाची होती, आंदोलकाची नव्हे. जे समितीत बोलले जात नाही, ते रस्त्यावर बोलले जाते.

महाराष्ट्राने मात्र पुढे उलट दिशा धरली. १९८९ हे वर्ष या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. त्या वर्षी एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अठरा वर्षांच्या तरुणाला लोकसभेसाठी मताचा अधिकार मिळाला. आणि त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकांच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्या खुनाने सारा महाराष्ट्र हादरला आणि ते स्वाभाविकच होते. त्याची परिणती म्हणून १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील प्रत्यक्ष निवडणुका बंद केल्या आणि वर्गात सर्वाधिक गुण मिळविणारा विद्यार्थी हा वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. पंतप्रधान कोणाच्या पाठिंब्याने व्हावा हे ठरविण्यास जो तरुण पात्र होता, तो आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र ठरला. गुणवत्तेचा आदर सर्वांनाच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत पहिला येणे आणि खानावळीच्या बिलाविषयी कुलसचिवांशी वाद घालणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. निवडून आलेला प्रतिनिधी ज्यांनी निवडले त्यांना उत्तरदायी असतो. गुणपत्रिकेने नेमलेला प्रतिनिधी कोणालाच उत्तरदायी नसतो.

हिंसा झाली, म्हणून निवडणूक बंद, या युक्तिवादातील दोष उघड आहे. विधानसभेच्या निवडणुकीत खून पडले म्हणून कोणी विधानसभा गुणानुक्रमे भरत नाही. पैसा आणि गुंडगिरी यांना आवर घालण्याचे मार्ग शोधणे, हा त्यावरचा उपाय होता. लिंगडोह समितीने २००६ मध्ये ते मार्ग सुचविले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा स्वीकार करून ते लागू करण्याचा आदेश दिला. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली. याच कायद्याने कल्याणाच्या जागी ‘विद्यार्थी विकास मंडळ’ हे नाव दिले. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी झाली, पण विधानसभेच्या निवडणुकांचे कारण देऊन त्या पुढे ढकलण्यात आल्या. पाठोपाठ करोनाची साथ आली. पाटी बदलली त्या वेगाने मतपेटी आली नाही.

जमा कोणाची, खर्च कोणाचा

या सर्व इतिहासाला एक आर्थिक बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. विद्यार्थी विकासाच्या कामासाठीचा पैसा काही प्रमाणात अनुदानातून येत असला, तरी प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला जी पावती मिळते तिच्यावर क्रीडा, विद्यार्थी निधी, विमा, ओळखपत्र अशी अनेक शीर्षके असतात. रकमा एकेकट्या पाहता लहान. परंतु एका विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न असताना त्यांची बेरीज लहान राहत नाही. ही जमा विद्यार्थ्याची आहे. खर्चाचा निर्णय मात्र तो घेत नाही आणि हिशेबही त्याला सहसा दाखविला जात नाही. जो कर भरतो त्याला त्याच्या विनियोगाविषयी विचारण्याचा हक्क असतो, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. ते शिकविणारी संस्था आपल्या आवारात ते पाळत नाही.

कमवा आणि शिका योजनेतही हेच घडते. तासाच्या कामाचा दर ठरावाने ठरतो. बाजारभाव मात्र ठरावाची वाट पाहत नाहीत. डाळ, तेल, खोलीभाडे ही वर्षागणिक वाढत असताना दर जर वर्षानुवर्षे तोच राहिला, तर प्रत्यक्षात विद्यार्थ्याची मजुरी दरसाल कापली जाते आणि त्या कपातीवर कोणाची सहीही नसते. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, बागेला पाणी घालणारा, कार्यालयात नोंदी करणारा मुलगा हा विद्यापीठाचे काम करतो आहे. त्याला उपकृत समजणे म्हणजे भाऊरावांच्या नावाखाली भाऊरावांचाच विचार उलटा करणे होय. शिवाय महाविद्यालयात घालविलेल्या प्रत्येक दिवशी शेतमजुराच्या घरातील एक रोजगार बुडत असतो. ही किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. पण ती भरली जातेच, आणि ती भरणे अशक्य झाले की नाव हजेरीपटावरून मुकाट्याने गळते. परीक्षेत नापास झालेल्यांची मोजदाद विद्यापीठ करते. पोटासाठी गळालेल्यांची करीत नाही.

यावर करावयाचे उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. विद्यार्थी विकास विभागाचा संचालक पूर्णवेळ असावा. कोणा प्राध्यापकाच्या डोक्यावर अतिरिक्त कार्यभार म्हणून ठेवलेली ती टोपी असू नये. कमवा आणि शिका योजनेचा दर किमान वेतनाशी किंवा महागाईच्या निर्देशांकाशी जोडला जावा. समुपदेशकाचे पद कंत्राटी नसावे. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची, तो दुसऱ्याच्या मनाला स्थैर्य कोठून देणार? विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या प्रत्येक शीर्षकाखालील जमाखर्च दरवर्षी विद्यार्थी परिषदेपुढे ठेवला जावा. विद्यार्थीसंख्येच्या मानाने वसतिगृहांत किती खाटा आहेत, हा एक आकडा प्रत्येक विद्यापीठाने आपल्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापावा, म्हणजे १९६६ च्या शिफारशीपासून आपण किती दूर आहोत हे दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यांनाही कळेल. आणि कायद्यात असलेल्या निवडणुका कायद्याप्रमाणे घेतल्या जाव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये तक्रार निवारणासाठी लोकपालाची तरतूद केली, ती स्वागतार्हच आहे. परंतु लोकपाल हा अन्याय झाल्यानंतर जाण्याचा उंबरठा आहे. अन्याय होऊ नये म्हणून निर्णयाच्या वेळीच कोणीतरी आपले तेथे असावे लागते.

वसतिगृहातील खाट आणि अधिसभेतील खुर्ची या दोन वेगळ्या मागण्या आहेत, असे प्रशासनाला नेहमी वाटत आले. पहिली दयाबुद्धीने द्यावयाची आणि दुसरी शक्यतो टाळावयाची, असा रिवाज पडून गेला. इतिहास सांगतो की, या दोन्ही वस्तू एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. ज्याला खुर्ची नाही त्याची खाट केव्हाही काढून घेता येते. आणि ज्याला खाटच मिळाली नाही, तो खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच गावी परत जातो. १९०४ च्या कायद्याने देखरेख आणि कल्याण यांची गाठ मारली, ती सोडवून कल्याण आणि सहभाग यांची गाठ मारणे, हे खरे काम आहे. ते झाल्याशिवाय दारावरची पाटी आणखी कितीही वेळा बदलली, तरी एस.टी. स्थानकावर उतरलेल्या त्या बापलेकांना ते दार आपले वाटणार नाही.